वसईची लढाई आणि वसईची खाडी मुलांना शिकवताना : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

दिवाळीची सुट्टी जवळ आली की पालकांचे आणि शाळेतल्या बाईंचे फोन सुरू होतात. "वसईच्या किल्ल्यावर मुलांना न्यायचंय, तिथे काय दाखवू?" तेच ते प्रश्न पुन्हा पुन्हा येतात म्हणून त्यांची उत्तरं एका जागी लिहून काढली. मुलं साधारण पाचवी ते आठवीची आणि मुंबईत राहणारी धरली आहेत.

पानिपत, प्लासी सोडून मुंबईच्या मुलांना वसईच का?

कारण त्यांचं घर या लढाईच्या नकाशात आहे. १५३४ साली गुजरातच्या सुलतान बहादूरशाहाने वसई आणि आसपासची बेटं पोर्तुगिजांना दिली. त्यातली मुंबई त्यांनी १६६१च्या लग्नाच्या तहात इंग्रज राजाला आंदण दिली, पण साष्टी स्वतःकडेच ठेवली. म्हणजे आजचं वांद्रे, अंधेरी, मालाड, बोरिवली पोर्तुगिजांकडे, त्यांचा कारभार वसईहून चालायचा, आणि माहीमची खाडी ही दोन सत्तांची सरहद्द. वर्गात विचारून बघा, "१७०० साली तू आत्ताच्याच घरी राहत असतास तर तुझा राजा कोण?" दादरच्या मुलाचं उत्तर वेगळं, वांद्र्याच्या मुलाचं वेगळं. हे एकदा कळलं की पुढचं ऐकायला मुलं आपणहून सरसावून बसतात.

लढाई थोडक्यात कशी सांगावी?

खरं तर ती एक लढाई नाही, दोन वर्षांची मोहीम आहे. मार्च १७३७मध्ये मराठ्यांनी खाडी ओलांडून ठाणं घेतलं. तिथला पोर्तुगीज किल्ला तेव्हा अर्धवट बांधून झाला होता (आज त्याच कोटात ठाण्याचं मध्यवर्ती कारागृह आहे, ही माहिती मुलांना हमखास आवडते). वाटा-उतार दाखवायला अंजूरचे गंगाजी नाईक यांच्यासारखी स्थानिक माणसं होती. साष्टी बरीचशी हातात आली, वसई मात्र आली नाही. १७३८च्या पावसाळ्यानंतर चिमाजीअप्पा, म्हणजे बाजीराव पेशव्यांचे धाकटे भाऊ, पुन्हा उतरले. जानेवारी १७३९मध्ये तारापूर पडलं, तिथे बाजी भिवराव रेठरेकर कामी आले. मग फेब्रुवारी-मार्चमध्ये वेसावे (आजचं वर्सोवा) आणि धारावी, आणि शेवटी वसई. मे महिन्यात वसईच्या तटाला सुरुंगांनी खिंडारं पडली आणि पोर्तुगिजांनी शरणागतीचा करार केला.

इतकं पुरे. सरदारांची नावं पाठ करून घेऊ नका. मल्हारराव होळकर आणि राणोजी शिंदे तिथे होते हे सांगितलंत की चाणाक्ष मूल पुढे उत्तरेच्या राजकारणात ही नावं आल्यावर स्वतःच ओळखतं.

ही धारावी म्हणजे आपली धारावी?

नाही. हा प्रश्न प्रत्येक वर्गात येतो. मराठी कागदपत्रांतली ही धारावी भाईंदरच्या पश्चिमेला, उत्तन-डोंगरीच्या बाजूला, वसईच्या बरोबर समोर खाडीपलीकडे आहे.

वसईला नदी कुठे आहे? तिथे तर खाडी आहे ना?

इथे घाई करू नका, कारण सगळा विषय या उत्तरावर उभा आहे.

उल्हास नदी बोरघाटाच्या परिसरात, राजमाचीच्या अंगाला उगम पावते. कर्जत, नेरळ, बदलापूर करत कल्याणला येते. वाटेत तिला बारवी मिळते, आणि भातसेचं पाणी पोटात घेऊन आलेली काळू मिळते. कल्याणच्या पुढे ती ठाण्याच्या उत्तरेने वळसा घालून पश्चिमेला वळते आणि वसईजवळ समुद्राला मिळते. कल्याणच्या खाली भरतीचं पाणी आत शिरतं, म्हणून आपण तिला खाडी म्हणतो. वरून येणारी नदी आणि खालून येणारा समुद्र एकाच पात्रात रोज दोनदा समोरासमोर येतात. ठाण्याजवळ तिचा एक अरुंद फाटा दक्षिणेला ठाण्याच्या खाडीकडे जातो. या दोन पाण्यांमुळेच साष्टी हे बेट झालं.

आता खास मुंबईच्या मुलांसाठी. आपल्या नळाला येणाऱ्या पाण्याचा सर्वांत मोठा वाटा भातसा धरणाचा. भातसा ही उल्हासच्याच कुळातली. म्हणजे सकाळी घरून भरून आणलेल्या बाटलीतल्या पाण्याचा बराचसा भाग, धरणात अडला नसता तर, वसईच्या तटाखालून वाहत समुद्रात गेला असता. किल्ल्यात बसून बाटली हातात घेऊन हे सांगितलं की मुलं बाटलीकडे वेगळ्याच नजरेने बघतात. एखादा लगेच विचारतो, "मग हे पाणी खारट का नाही?" विचारू द्या. उत्तर त्यांनाच नकाशावर शोधायला लावा, धरण भरतीच्या टप्प्यापासून किती वर आहे ते बोटाने दाखवू द्या.

पण खाडीने लढाईत काय फरक पडला?

फरक पडला नाही, खाडीनेच लढाई बेतली. वसईचा किल्ला जमिनीच्या टोकाला आहे. दक्षिणेला खाडी, पश्चिमेला समुद्र, पूर्वेला दलदल आणि चिखल. घट्ट जमीन फक्त उत्तरेकडे. त्यामुळे वेढा घालणाऱ्याला मोर्चे लावायला आणि सुरुंग खणायला एकच बाजू उरते, आणि आतल्यांना हे पक्कं ठाऊक. तटाचा सगळा जोर, बुरुजांच्या तोफा, सगळं त्याच तोंडाला.

उलट दक्षिणेचा बंदर दरवाजा पाण्यावर उघडतो. जोवर तो मोकळा, तोवर गोव्याहून किंवा मुंबईहून दाणागोटा, दारूगोळा, माणसं येऊ शकतात. नुसत्या जमिनीवरून वेढा घालून असा किल्ला उपाशी मरत नाही. म्हणून आधी वेसावे, मग धारावी. धारावी घेतली म्हणजे खाडीच्या मुखाचा दुसरा काठ हातात आला. समुद्रात मानाजी आंग्र्यांचं आरमार होतं, आणि त्याच सुमारास व्यंकटराव घोरपडे गोव्यावर चालून गेले, म्हणजे गोव्याला स्वतःचीच चिंता. हा सगळा डाव मुलांना नकाशावर सोंगट्या ठेवून उलगडून दाखवा. "चिमाजीअप्पा शूर होते" हे वाक्य मुलं परीक्षेत लिहितात आणि विसरतात. त्यांनी आधी कोणतं दार लावलं आणि कोणतं फोडलं हे कळलं की विसरत नाहीत.

माझं मत विचाराल तर शाळेत हा धडा उलटा शिकवला जातो. आधी वीर, मग तारीख, आणि भूगोल दुसऱ्याच तासाला, दुसऱ्याच बाईंकडे.

भरती-ओहोटी मुलांना कशी समजवायची?

कोळ्यांचा हिशेब शिकवा. तिथीचा आकडा तीनने गुणा, चारने भागा, येतील तितके वाजता पूर्ण भरती. पंचमी असेल तर पंधरा भागिले चार, म्हणजे पावणेचार. अष्टमीला सहा. पौर्णिमा-अमावास्येला पंधरा धरून सव्वाअकराच्या पुढेमागे. वद्य पक्षात पुन्हा एकपासून मोजायचं. भरतीनंतर साधारण सहा तासांनी ओहोटी. घरातलं भिंतीवरचं कॅलेंडर काढून मुलांनाच सहलीच्या दिवसाची वेळ काढू द्या, आणि मग छापील भरतीच्या वेळापत्रकाशी ताडून पाहा. थोडा फरक येतो. तो का येतो, यावर आठवीच्या मुलांशी अर्धा तास बोलता येतं. सहल ठरवताना मात्र भरवसा वेळापत्रकावरच ठेवा.

तिथीवर उधाण आणि भांगही ठरतं. पौर्णिमा-अमावास्येच्या आसपास उधाणाचं पाणी, दुपारी खाडी तुडुंब. अष्टमीच्या आसपास भांगाचं पाणी, चढउतार कमी. दोन्ही दाखवायला दोनदा जाणं परवडत नसेल तर सकाळी लवकर पोहोचा आणि दुपार होईपर्यंत थांबा. एकाच दिवसात बंदराच्या धक्क्याची किती पायरी बुडाली किंवा उघडी पडली हे खडूने खूण करून मोजता येतं.

लढाईतली हिंसा किती सांगावी?

पाचवीच्या मुलांना माणसं मेली हे सांगा, कशी ते रंगवू नका. सातवी-आठवीला सुरुंगाची गोष्ट पूर्ण सांगा, कारण तिच्यात युद्धाचं खरं रूप दिसतं. मराठ्यांनी तटाखाली बोगदे खणून दारू ठासली. सेंट सेबॅस्टियन बुरुजाकडच्या भागात स्फोट झाले, खिंडार पडलं, लोक वर चढले. पण सगळे सुरुंग एका वेळी उडाले नाहीत. उशिरा उडालेल्या सुरुंगात चढाई करणारे आपलेच लोक सापडले. विजयी बाजूची हानी पराभूत बाजूपेक्षा कितीतरी जास्त झाली. इथे मुलं गप्प होतात. लगेच पुढची गोष्ट सुरू करू नका, त्यांना गप्प राहू द्या.

माझ्या मुलीच्या वर्गात वसईच्या ख्रिस्ती मैत्रिणी आहेत. धर्माचा विषय कसा काढू?

टाळू नका. टाळला की मूल तो कुठल्यातरी व्हिडिओतून उचलतं.

जे झालं ते सरळ सांगा. पोर्तुगीज अमलात देवळं पाडली गेली, उघडपणे हिंदू सणसमारंभ करण्यावर बंदी आली, अनाथ हिंदू मुलं चर्चच्या ताब्यात देण्याचे कायदे झाले. अंजूरकरांसारख्या घराण्यांनी पेशव्यांकडे धाव घेण्यामागे हा जाच होता. हे लपवण्यासारखं नाही.

आणि तितक्याच सरळपणे दुसरी बाजू. वसईतले ख्रिस्ती म्हणजे बाहेरून आलेले पोर्तुगीज नव्हेत. सामवेदी, वाडवळ, कोळी, ईस्ट इंडियन ही इथल्याच मातीतली माणसं. केळीच्या बागा त्यांच्या, खाडीतल्या होड्या त्यांच्या. शरणागतीच्या करारात मागे राहणाऱ्या ख्रिस्ती लोकांना आपल्या धर्माप्रमाणे वागण्याची मोकळीक मान्य करण्यात आली, आणि पोर्तुगीज शिबंदीला मानाने बाहेर पडू दिलं गेलं. जिंकणाऱ्याने हे मान्य केलं, ही गोष्ट मुलांना सुरुंगाइतकीच लक्षात राहिली पाहिजे.

गोन्सालो गार्सिया यांची गोष्टही इथेच सांगा. वसईत जन्मलेला हा माणूस जपानला गेला, १५९७ साली नागासाकीला क्रुसावर मारला गेला, आणि १८६२ साली संत ठरला. किल्ल्यात त्यांच्या नावाचं चर्च आहे. चिमाजीअप्पांचा पुतळाही आहे, नागेश्वराचं देऊळही आहे. एकाच कोटात सगळं चालत बघता येतं.

चिमाजीअप्पा म्हणाले, "माझं डोकं तोफेत घालून किल्ल्यात उडवा." हे खरं का?

गोष्ट म्हणून सांगा, इतिहास म्हणून नको. मुलांना फरक कळतो. "हे कोणी लिहून ठेवलं, कधी लिहिलं?" असा प्रश्न विचारायची सवय लावायला ही गोष्ट फार उपयोगी आहे. वसई मिळाली तर देऊळ बांधीन, या वज्रेश्वरीच्या नवसाची कथाही त्याच प्रकारे सांगावी. नवस भक्तांच्या सांगण्यात आहे, पण विजयानंतर बांधलेलं वज्रेश्वरीचं देऊळ प्रत्यक्ष बघता येतं. वसईच्या चर्चमधून नेलेल्या पोर्तुगीज घंटांचंही तसंच. नाशिकच्या नारोशंकराच्या देवळातली किंवा भीमाशंकरची घंटा पाहिलेलं मूल वर्गात असेल तर त्याला बोलू द्या.

एका पुस्तकात ५ मे आहे, दुसऱ्यात १६ मे. कोणतं बरोबर?

दोन्ही. इंग्रज १७५२पर्यंत जुनं कॅलेंडर वापरत, पोर्तुगीज नवं. त्या शतकात दोन्हींत ११ दिवसांचा फरक होता. मराठी कागदांत तिथी. एकाच दिवसाला तीन नावं. गणित आवडणाऱ्या मुलांना हे सोडवायला द्या.

इंग्रज तेव्हा काय करत होते?

मुंबईत बसून बघत होते. पोर्तुगिजांनी मदत मागितली तेव्हा त्यांनी थोडीफार दिली, पण कर्ज देताना चर्चमधली चांदी गहाण ठेवून घेतली. वसई पडल्यावर मात्र त्यांना धडकी भरली. आता शेजारी पोर्तुगीज नव्हते, मराठे होते, आणि मधे फक्त माहीमची खाडी. कॅप्टन इंचबर्डला चिमाजीअप्पांकडे बोलणी करायला पाठवलं आणि मुंबईच्या कोटाभोवती खंदक खोदायचं ठरलं. त्याला व्यापाऱ्यांनी वर्गणी काढली. पुढे १७७४मध्ये इंग्रजांनी साष्टी घेतली, १७८०मध्ये जनरल गोडार्डने वसई घेतली, आणि १८०२च्या ३१ डिसेंबरला दुसऱ्या बाजीरावाने याच वसईला इंग्रजांशी तैनाती फौजेचा तह केला. जी जागा एका पेशव्याच्या भावाने जिंकली तिथेच दुसऱ्या पेशव्याने सही केली. आठवीची मुलं यावर तावातावाने भांडतात, भांडू द्यावीत.

जायचं कसं?

पश्चिम रेल्वेने वसई रोड, तिथून पश्चिमेला बस किंवा शेअर रिक्षा, सात-आठ किलोमीटर. सकाळी मुंबईहून विरारकडे जाणाऱ्या गाड्यांना गर्दी कमी असते. परतताना मात्र संध्याकाळी दादरकडे येणाऱ्या गाडीची वेळ बघून निघा. मुलांना बसायला मिळालं तर डाव्या खिडकीशी बसवा. भाईंदर सुटलं की पूल लागतो, मधे पाणजू बेट येतं, मग पुन्हा पूल आणि नायगाव. डावीकडे खाडीचं मुख. मिठागरं, तिवरं, होड्या, सगळं तीन-चार मिनिटांत निसटतं, म्हणून काय बघायचं ते भाईंदर यायच्या आधीच सांगून ठेवा. २०२४पासून भाईंदर आणि वसई किल्ल्याजवळचा धक्का यांच्यात रो-रो फेरीबोटही सुरू झाली. जमलं तर एक बाजू बोटीने करा. पाण्यावरून तट बघितला की बंदर दरवाज्याचं महत्त्व वेगळं सांगावं लागत नाही. वेळा आधी विचारून घ्या.

किल्ल्यात कोणत्या क्रमाने फिरावं?

उत्तरेकडच्या दरवाज्याने आत आणि दक्षिणेच्या बंदर दरवाज्याने बाहेर. हल्ला करणाऱ्याच्या बाजूने शिरायचं, बचाव करणाऱ्याच्या वाटेने पाण्याकडे यायचं. आत रस्त्याने गाड्या जातात, मुलांना कडेने चालवा. फ्रान्सिस्कन चर्चच्या जमिनीत पोर्तुगीज थडग्यांचे दगड आहेत. कुठे अक्षरं झिजून गुळगुळीत झाली आहेत, कुठे ढाल कोरलेली दिसते. मुलांना गुडघ्यावर बसून आकडे शोधायला लावा. दगडावर पाय देऊ नका, कागद ठेवून पेन्सिल घासू नका, किल्ला केंद्रीय पुरातत्त्व खात्याकडे आहे. रविवारी लग्नाआधीच्या फोटोंसाठी नटून आलेली जोडपी प्रत्येक कमानीत उभी असतात. शनिवारी जावं.

बंदर दरवाज्यातून बाहेर आलात की किल्लाबंदर. वलांड्यांवर बोंबील सुकत असतात, वासाने मुलं नाकं मुरडतात. थोडा वेळ थांबा, सवय होते. जाळं शिवत बसलेल्या एखाद्या काकांना अदबीने विचारलं तर ते डोल जाळ्याबद्दल सांगतात. पाण्याच्या ओढीनेच मासा आत शिरतो, म्हणून ते पाण्याची वेळ बघून लावतात. शाळेतल्या भरती-ओहोटीच्या आकृतीपेक्षा हे पाच मिनिटांत समजतं. फोटो काढण्याआधी विचारा, आणि जमलं तर थोडं सुकट विकत घ्या.

खाडीत पाय बुडवू द्यावेत का?

नाही. ओहोटीला चिखल घट्ट दिसतो पण गुडघ्याएवढा रुततो. धक्क्यावरून निवट्या (चिखलातले छोटे मासे) बघा, ते उड्या मारताना पुरेशी करमणूक करतात. पाणी स्वच्छही नाही. बदलापूर, अंबरनाथ, उल्हासनगरच्या कारखान्यांचं आणि वस्त्यांचं सांडपाणी याच नदीत येतं. हे मुलांना सांगा.

वसईला जाणं जमलंच नाही तर?

घोडबंदरचा किल्ला बघा, तोही याच खाडीवर आणि याच मोहिमेत मराठ्यांकडे आलेला. कल्याणला दुर्गाडी आहे. तिथे सतराव्या शतकात शिवाजी महाराजांनी जहाजं बांधायला घेतली, तीही याच पाण्यावर.

प्रोजेक्ट म्हणून थर्माकोलचा किल्ला चालेल का?

शाळेला चालतो, आम्हाला नाही. त्यापेक्षा ओहोटीला दादर किंवा जुहूच्या चौपाटीवर ओल्या वाळूत वसई करा. टोकाला किल्ला, दक्षिणेला खणलेली खाडी, पलीकडे धारावी, पूर्वेला पाणी ओतून चिखल. मग मुलांचे दोन गट पाडा. एका गटाने दहा शंखांचं सैन्य घेऊन वेढा घालायचा, दुसऱ्याने पाच शंखांनी किल्ला लढवायचा आणि समुद्राकडून रसद आणायची. पहिल्या खेपेला वेढा घालणारे सगळे शंख उत्तरेला लावतात आणि हरतात. दुसऱ्या खेपेला कोणीतरी एक शंख उचलून धारावीवर ठेवतं.

पावसाळ्यात गेलं तर?

हिरवळ सुंदर दिसते, पण झाडोऱ्यात साप असतात, बुरुजांच्या पायऱ्यांवर शेवाळ येतं आणि जुने दगड सुटतात. नोव्हेंबर ते फेब्रुवारी बरं. प्यायचं पाणी घरून न्या, आणि स्वच्छतागृहाची सोय वसई रोडलाच आटपून घ्या.